‘मला तर आधीच कळलं होतं!’

प्रेमकथा बघून आलेला माणूस नायक-नायिकेबद्दल बोलतो. ऐतिहासिक सिनेमा बघून आलेला तलवारी, कपडेपट, संवाद यांच्याबद्दल बोलतो. भयपट, थ्रिलर किंवा विज्ञानपट बघून आलेला माणूस मात्र पहिलं वाक्य स्वतःबद्दल बोलतो. भयपट असेल तर, ‘मला नाही बुवा भीती वाटली.’ थ्रिलर असेल तर, ‘मला तर आधीच कळलं होतं.’ आणि विज्ञानपट असेल तर, ‘असं कुठे असतं का?’ म्हणजे मी शूर, मी हुशार, मी शिकलेली. ही वाक्यं मी इतरांच्या तोंडून ऐकलीत तशी स्वतःही भरपूर फेकलीत, त्यामुळे कुणाची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. पण ही तीन वाक्यं मला सिनेमापेक्षा जास्त रंजक वाटायला लागली आहेत, एवढं मात्र खरं.

माझं एक मत होत चाललं आहे. या तीन प्रकारांबद्दल आपण साधे प्रेक्षक जे बोलतो, ते साक्ष म्हणून फार विश्वासाचं असतं आणि निकाल म्हणून फार कच्चं. कुठे अंग आखडलं, कुठे जांभई आली, कुठे ‘हॅ!’ असं तोंडातून निघालं, हे आपल्याइतकं प्रामाणिकपणे कुणी सांगू शकत नाही. पण तसं का झालं आणि त्याऐवजी काय करायला हवं होतं, हे सांगायला लागलो की आपली गाडी घसरते.

भयपटापासूनच सुरुवात करते, कारण तिथे साक्षीदार आपलं शरीर असतं आणि ते खोटं बोलत नाही. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांना कशाचीच भीती वाटत नाही. फक्त काळोख्या जिन्याचा प्रसंग आला की ते रिमोट उचलून आवाज कमी करतात. ‘फार कर्कश आहे,’ म्हणतात. दुसरी एक मैत्रीण नेमक्या त्याच वेळी मोबाइल बघते. ही सगळी भीतीचीच रूपं आहेत, आणि त्यातला आवाज कमी करणारा माणूस नकळत मर्मावरच बोट ठेवतो. भयपट मुख्यतः कानांनी बघायचा असतो. ‘सायको’मधला (१९६०) स्नानगृहातला खून पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा; त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या लिहिल्या, आणि त्या ऐकल्यावर हिचकॉकने स्वतःचा हट्ट सोडला. आवाज बंद करून तो प्रसंग बघा. रक्त म्हणून वापरलेलं चॉकलेट सिरप तेवढं उरतं.

‘नुसतं दचकवतात, त्यात काय भीती!’ ही तक्रारही नेहमीची. ती खरी आहे, पण अर्धीच. दचकवणं ही काही हल्लीच्या दिग्दर्शकांनी काढलेली पळवाट नाही. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री निर्मनुष्य रस्त्यावरून चालली आहे. मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येतोय. मग तो आवाज थांबतो. ती वेग वाढवते, मागे बघते, कुणी नाही. प्रेक्षक आता जनावराच्या झडपेची वाट बघत असतो, तेवढ्यात एकदम फिस्स करून बाजूला येऊन थांबते ती बस. साधी प्रवासी बस. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावाने या युक्तीला आजही सिनेमावाले ‘ल्यूटन बस’ म्हणतात. म्हणजे ऐंशी वर्षांहून अधिक काळ आपण त्याच बसने दचकतो आहोत. फरक एवढाच की त्या प्रसंगात बस येण्याआधी दिग्दर्शकाने भरपूर वेळ खर्च केला होता. आताचे बरेचसे भयपट नुसत्याच बसगाड्या सोडतात, एकामागून एक. रस्ता नाही, पावलं नाहीत, वाट बघणं नाही. प्रेक्षक म्हणतो, ‘दचकवलं, पण भीती नाही वाटली.’ शंभर टक्के खरी साक्ष.

मात्र सर्वांत मोलाची तक्रार वेगळीच आहे, आणि ती लहान मुलंसुद्धा करतात: ‘भूत दिसेपर्यंत मजा होती.’ या एका वाक्यात भयपटाचं निम्मं शास्त्र आलं. ‘जॉज’ची (१९७५) गोष्ट प्रसिद्ध आहे. स्पीलबर्गने यांत्रिक शार्क बनवून घेतला होता, आणि तो समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. चित्रीकरण रखडलं, खर्च वाढला. शेवटी शार्कविना शार्कचे प्रसंग करावे लागले. पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा, शार्कमागे ओढले जाणारे पिवळे पिंप, आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. शार्क नीट दिसायला तासाहून जास्त वेळ जातो, आणि तोवर बघणाऱ्याने आपापला शार्क मनात तयार केलेला असतो. बंद न पडणारा.

इथपर्यंत सगळेच सांगतात. मला जास्त आवडते ती त्याच सिनेमातली एक लबाडी. दोन सूर वाजले की शार्क येतो, हे प्रेक्षकाला हळूहळू पाठ होतं. मग गर्दीच्या किनाऱ्यावर पाण्यात काळा पर दिसतो, पळापळ होते, आणि निघतात काय, तर पुठ्ठ्याचा पर लावून पोहणारी दोन वात्रट पोरं. त्या प्रसंगात ते दोन सूर वाजतच नाहीत! ज्याचे कान जागे आहेत त्याला आधीच अभय दिलेलं असतं. संगीत खोटं बोलत नाही, असा करार प्रेक्षकाशी झाला. आणि मग पुढे, पोलीसप्रमुख बोटीवरून वैतागत मासळीचे तुकडे पाण्यात फेकतोय, काहीही वाजत नाहीये, अशा वेळी तो अजस्र जबडा पाण्यातून वर येतो. करार मोडला. त्यानंतर शांततेवरही विश्वास ठेवता येत नाही. असा करार काळजीपूर्वक बांधून एकदाच मोडणं, याला मी दिग्दर्शन म्हणते. दर दहा मिनिटांनी मोडणाऱ्याला दुसरं काहीतरी म्हणावं लागेल.

भूत दिसल्यावर मजा जाते, तशी भूत समजावून सांगितल्यावरही जाते. आपल्याकडच्या ‘महल’ची (१९४९) आठवण यासाठीच काढावीशी वाटते. झोपाळ्यावरची ती तरुणी, दुरून जवळ येत जाणारं ते गाणं, रिकाम्या हवेलीतला अशोककुमार. आणि शेवटी उलगडा असा की ती भूत-बित नाही, माळ्याची मुलगी आहे. उलगडा तर्काला धरून आहे. पण गाणं आठवताना कुणाला माळ्याची मुलगी आठवते? तो खुलासा प्रेक्षक सोयीस्करपणे विसरून गेला आहे, आणि माझ्या मते त्याने योग्य तेच केलं. हल्ली खुनशी पात्रांचं बालपण, शापाचं मूळ, राक्षसाची आधीची गोष्ट असे सिनेमेच्या सिनेमे निघतात, तेव्हा मला वाटतं की हे लोक आपलंच भूत उन्हात वाळत घालतायत.

थ्रिलरचा प्रेक्षक वेगळ्या जातीचा. त्याला जिंकायचं असतं. ‘खुनी तो डॉक्टरच आहे बघ,’ असं तो विसाव्या मिनिटाला जाहीर करतो, चाळिसाव्या मिनिटाला वकिलाचं नाव घेतो, शेवटाजवळ बायकोचं. मग बायकोच निघाली की ‘मी म्हटलं नव्हतं?’ सगळ्या पात्रांवर थोडेथोडे पैसे लावणारा हा जुगारी कधीच हरत नाही. त्याला मी एकदा विचारलं, की कळलं होतं तर पुढचा तासभर बघत कशाला बसलास? तो म्हणाला, ‘खात्री करायला.’ मला हे उत्तर फार आवडलं, कारण त्यात त्याच्याही नकळत एक कबुली होती. नुसता शेवट कळून त्याचं भागलं नव्हतं.

हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ मध्ये दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे. दोन माणसं साध्या गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखाली स्फोट होतो: प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, घड्याळ दाखवलं, आणि मग त्याच कंटाळवाण्या गप्पा चालू ठेवल्या, तर पंधरा मिनिटं त्याच्या जिवाचं पाणी होतं. म्हणजे आधी कळणं ही थ्रिलरची हारच नव्हे. कित्येकदा तोच त्याचा पाया असतो. तरीही आपण सगळे शेवटच्या धक्क्याचीच मोजदाद करत बसतो. एखाद्याने चुकून शेवट सांगितला तर मैत्री तुटायची वेळ येते.

या बाबतीत माझी बहीण उलट्या टोकाची. भयपट असो की रहस्यपट, ती आधी पूर्ण कथानक वाचून काढते, कोण मरतं, कोण वाचतं, कुत्र्याचं काय होतं (हे विशेष महत्त्वाचं), आणि मगच बघायला बसते. पूर्वी मला तो शुद्ध अपमान वाटायचा, दिग्दर्शकाचा. पण ती पडद्यावरून नजर हटवत नाही आणि मी मात्र बोटांच्या फटीतून बघते, तर सिनेमा जास्त कुणी पाहिला? सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लघुकथांवर असाच प्रयोग केला होता. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरी जास्त आवडल्या, अगदी रहस्यकथासुद्धा. पुढच्या काही प्रयोगांत निष्कर्ष उलटेही आले, त्यामुळे बहिणीला याचा पुरावा म्हणून उपयोग करू दिलेला नाही.

आता ‘असं कुठे असतं का?’ या वाक्याकडे. विज्ञानपट बघताना घरातला प्रत्येक जण अचानक शास्त्रज्ञ होतो. जो माणूस गाण्यात नायक-नायिका तीन देश बदलतात तेव्हा हूं की चूं करत नाही, तोच अवकाशात आवाज कसा आला म्हणून खडा होतो. तसा त्याचा मुद्दा बरोबर असतो. निर्वात पोकळीत आवाज जात नाही. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ने (१९६८) हे पथ्य पाळलं, ‘ग्रॅव्हिटी’ने (२०१३) बऱ्याच अंशी पाळलं. पण त्याच ‘ग्रॅव्हिटी’त हबल दुर्बिणीपाशी अपघात झालेले अंतराळवीर पाठीवरच्या यंत्राने थेट अवकाशस्थानकाकडे निघतात. प्रत्यक्षात दोघांच्या कक्षा वेगळ्या उंचीवरच नाहीत, तर एकमेकींशी तिरक्याही आहेत. असं जाणं शक्यच नाही. आवाजाबद्दल तावातावाने बोलणाऱ्या कुणाला हे खटकल्याचं मी पाहिलेलं नाही. मलाही वाचेपर्यंत खटकलं नव्हतं, आणि वाचल्यावरही सिनेमा तेवढाच आवडला.

‘इंटरस्टेलर’च्या (२०१४) बाबतीत तर गंमतच झाली. कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे ऐकून ‘काहीही हं!’ म्हणणारे पुष्कळ भेटले. वास्तविक तो भाग गणिताने तपासलेला आहे. किप थॉर्न हे सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार, ज्यांना पुढे २०१७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनाही आधी सात वर्षं अशक्य वाटली होती. मग त्यांनी आकडेमोड केली आणि कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल तर ते जमतं, असं निघालं. उलट त्यांना स्वतःला जे पटलं नव्हतं ते म्हणजे दुसऱ्या ग्रहावरचे बर्फाचे ढग. स्वतःचं वजन पेलून असं अधांतरी राहण्याइतका बर्फ बळकट नसतो. ढगांबद्दल कुणी काही बोललं नाही. सुंदर दिसत होते ना!

यावरून मला असं वाटतं की प्रेक्षक विज्ञान तपासतच नाही. तो बघतो की कथेने घातलेला नियम कथा पाळते की नाही. म्हणून तर अस्तित्वातच नसलेल्या गोष्टींबद्दलही आपण बिनचूक वाद घालतो. ‘व्हॅम्पायर उन्हात कसा फिरेल?’ असं एकाने मला ठणकावून विचारलं होतं. गंमत अशी की मूळ कादंबरीतला (१८९७) ड्रॅक्युला दिवसाउजेडी फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. सूर्यप्रकाशाने त्याची जात नष्ट होते, हा नियम पुढे १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने रुजवला. म्हणजे एका सिनेमाने केलेला कायदा, आणि आपण त्याचे पहारेकरी! ‘तुंबाड’मधल्या (२०१८) हस्तर या शापित देवाला पीठ लागतं आणि पिठाचं रिंगण तो ओलांडत नाही, हे एकदा सांगितलं की प्रेक्षक ते मुकाट मान्य करतो आणि मग प्रत्येक प्रसंगात रिंगणाकडेच बघत राहतो. ‘असं कुठे असतं का?’ हा प्रश्न तिथे उठत नाही.

अमेरिकेत ‘सिनेमास्कोअर’ नावाची एक कंपनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रेक्षकांची मतं गोळा करते. पहिल्या दिवशी सिनेमागृहातून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात कार्ड द्यायचं, त्यांनी ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी द्यायची. भयपटांची तिथे पार दैना होते. ‘हेरेडिटरी’ला (२०१८) समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, प्रेक्षकांनी ‘डी प्लस’ दिला. ‘इट कम्स अ‍ॅट नाइट’ला (२०१७) ‘डी’. नाव वाचून गेलेल्यांना रात्री काहीतरी येणार असं वाटलं होतं. आलं काहीच नाही. जंगलातल्या घरात साथीच्या रोगाला घाबरून दडलेली माणसं, त्यांचा एकमेकांवरचा संशय, बस्स. ‘सोलारिस’ या विज्ञानपटाच्या २००२ मधल्या आवृत्तीला थेट ‘एफ’. ‘द कॉन्ज्युरिंग’ला (२०१३) मात्र ‘ए मायनस’. ही श्रेणी सिनेमाच्या दर्जाची म्हणून वाचली तर हसू येतं. पण पोस्टरने कबूल केलेला माल मिळाला का, याची पावती म्हणून वाचली, तर ती अगदी चोख आहे.

या पावत्या निर्मात्यांनी आदेश म्हणून वाचल्या की काय होतं, त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. रुग्ण ‘इथे दुखतंय’ म्हणतो ते खरंच असतं, पण औषध त्यालाच विचारून द्यायचं नसतं. ‘ब्लेड रनर’ (१९८२) प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना दाखवला, त्यांना तो कळला नाही. झालं, नायकाच्या आवाजात निवेदन चिकटवलं गेलं, आणि शेवटी हिरव्यागार डोंगरांतून दोघं सुखाने निघून जातात असं दाखवलं. ते डोंगर तरी कुठले, तर कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी हवेतून टिपलेल्या आणि वापरायच्या राहिलेल्या फितीतले. दहा वर्षांनी दोन्ही ठिगळं काढलेली आवृत्ती आली तेव्हा कुठे तो सिनेमा मोकळा झाला. ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’चं (१९८७) उलट. मूळ शेवटात नायकाच्या मागे लागलेली बाई आत्महत्या करते; चाचणीच्या प्रेक्षकांना तिला शिक्षा झालेली हवी होती. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोजचा विरोध असूनही शेवट पुन्हा चित्रित केला, आणि सिनेमा तुफान चालला. तुफान चालला हे खरं, पण एका दुखावलेल्या, आजारी बाईची शेवटच्या दहा मिनिटांत हडळ झाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

शिवाय प्रेक्षकाचं मत बदलतं, आणि ते त्याला आठवतही नाही. ‘तुंबाड’ पहिल्यांदा आला तेव्हा बेताचा चालला. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’ २५ जून १९८२ रोजी, म्हणजे ‘ब्लेड रनर’च्याच दिवशी आला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा गोड परग्रहवासी ‘ई.टी.’ सगळ्यांना रडवून गेला होता. त्यानंतर अंटार्क्टिकाच्या बर्फात माणसांची हुबेहूब रूपं घेऊन त्यांना संपवणारा हा परग्रहवासी कुणालाच नको होता. समीक्षकांनी झोडपलं, प्रेक्षक फिरकले नाहीत. आज या तिन्ही प्रकारांच्या चाहत्यांपैकी कुणालाही विचारा, तो नाव घेईल ते याचंच. आणि खरोखर हा एकच सिनेमा भयपटही आहे, ‘यांतला कोण’ हे रहस्यही आणि विज्ञानपटही.

त्याच्या शेवटी दोन माणसं जळत्या तळासमोर बसलेली आहेत; त्यांतल्या एकाचं नाव चाइल्ड्स. दोघांपैकी एक जण ‘तो’ असू शकतो. सिनेमा ते सांगत नाही. (पाहिला नसेल तर माफ करा, पण चाळीस वर्षं होऊन गेली!) कारपेंटर मुलाखतीत सांगतो की प्रदर्शनाआधीच्या एका खेळानंतर एका मुलीने त्याला विचारलं, शेवटी त्यांतला ‘तो’ कोण? तो म्हणाला, तुम्हीच कल्पना करायची. त्यावर ती वैतागून म्हणाली की हेच तर मला अजिबात आवडत नाही. तिची साक्ष मला शंभर टक्के मान्य आहे. शेवटानंतर मीही अशीच चडफडले होते. आणि तिचं ऐकून त्याने उत्तर देऊन टाकलं असतं, तर लोक आजही तो शेवट थांबवून-थांबवून, चाइल्ड्सच्या तोंडातून वाफ निघते की नाही हे तपासत बसले नसते. एकाच्या श्वासाची वाफ ठळक दिसते, दुसऱ्याची दिसत नाही, म्हणून दुसरा ‘तो’, असा एक पंथच आहे. वाफ निघते, अंधुक निघते. मी पडद्याची चमक वाढवून पाहिलं आहे. दोघंही माणसंच आहेत. मला तर आधीच कळलं होतं.